साहेबांचे मासे

मत्स्यव्यवसाय खात्यात होतो असं सांगितलं की आपल्याकडचा माणूस आधी हसतो. ‘‘इथं प्यायला पाणी नाही अन् तुम्ही मासे पाळता?’’ सोयरीक जुळवताना माझ्या सासऱ्यांनीही हेच विचारलं होतं. मी त्यांना समजावून सांगितलं की, सरकारने शेतीसाठी जागोजागी लहान तलाव बांधलेत. पावसाळ्यात त्यांत पाणी साठतं, त्या पाण्यात मासे वाढवायचे आणि उन्हाळ्यात पाणी आटायच्या आत काढायचे. तलाव मच्छीमारांच्या सोसायटीला ठेक्याने देतात. बी कुठलं सोडायचं, किती सोडायचं, जाळं कधी घालायचं, हे आम्ही सांगतो. सासरे म्हणाले, ‘‘म्हणजे पाण्यातली शेती.’’ मी हो म्हणालो. मुलगी दिली त्यांनी, पण लग्नाच्या पंगतीत माझी ओळख मात्र ‘जावई तहसीलात आहेत’ अशीच करून दिली.

नोकरीत पुष्कळ तलाव पाहिले. पाण्यात देव दिसला म्हणून जाळं बंद करणारे सरपंच पाहिले, आणि मासे विहिरीत सोडले तर पंपातून बाहेर येतील का, असं विचारायला सिल्लोडहून एसटीने आलेले शेतकरीही पाहिले. ते सगळं सांगत बसलो तर हा अंक पुरायचा नाही. मी एकाच तळ्याबद्दल आणि एकाच माणसाबद्दल लिहिणार आहे. त्या माणसाचा मी हेवा केला. साधासुधा नाही, पोटात दुखेपर्यंत.

फुलंब्रीहून पिशोरच्या बाजूला जाताना डोंगराच्या पायथ्याला हा तलाव आहे. नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात. बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या काठावर ऐकू जाते, एवढाच त्याचा विस्तार. सोसायटीत भोई समाजाची वीसेक घरं. कडूबा त्यांच्यातला नव्हता. त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या शेळ्या-मेंढ्या. तलाव झाला तेव्हा त्यांचं चराईचं रान पाण्याखाली गेलं आणि कडूबा काठावर राहिला. पाण्याकडे बघता बघता त्याला मासे कळायला लागले. सोसायटीने त्याला राखणदार केलं. मी त्या भागात रुजू झालो तोवर तो राखणदार कमी आणि तळ्याचा कारभारी जास्त झाला होता.

माझ्याकडे मत्स्यशास्त्राची पदवी होती. कडूबाला अंगठ्याशिवाय दुसरी सही येत नव्हती.

पहिल्याच पावसाळ्यात आमची गाठ पडली ती बी सोडताना. माशांचं बी म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, आम्ही त्यांना बोटुकली म्हणतो. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, तोंड रबराने आवळलेलं, अशी ती टेम्पोतून येतात. आली की लगेच तळ्यात ओतायची नसतात. पिशव्या तशाच बांधलेल्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मग तोंड सोडायचं, नाहीतर पिल्लं गारठ्याच्या फरकानेच मरतात. माझ्याकडे थर्मामीटर होता. तो आत बुडवला, बाहेर बुडवला आणि म्हणालो, ‘‘सोडा.’’ गुडघाभर पाण्यात माणसं उभी होती, कुणी हलेना. सगळ्यांच्या माना कडूबाकडे. त्याने एका पिशवीवर हात ठेवला, मग तोच हात पाण्यात घातला.

‘‘अजून जराक थांबा,’’ तो म्हणाला.

थांबले सगळे. एक बिडी ओढून होईल एवढ्या वेळाने त्याने मान हलवली, तेव्हा पिशव्या सुटल्या. पिल्लं वाचली. माझ्या हुकमानेही वाचली असती असं मी अजून म्हणतो, पण ते सिद्ध करून दाखवायची संधी मला त्या काठावर कधी मिळाली नाही.

मग हे रोजचंच झालं. माशांचं खाद्य वाढावं म्हणून तळ्यात टाकायच्या खताची मात्रा मी सांगायचो, माणसं मान डोलवायची आणि माझी जीप वळली की कडूबाला विचारायची. एकदा वरचे साहेब पाहणीला येणार होते. मी आठवडाभर खपून माशांच्या वाढीचे तक्ते रंगवले. साहेबांनी पहिला तक्ता पाहिला, ‘छान’ म्हणाले आणि बांधावर बसलेल्या कडूबाला विचारलं, ‘‘पाणी असं हिरवट का दिसतंय?’’ कडूबाने सांगायला सुरुवात केली. साहेब तिथंच चवड्यावर बसले. त्याच्या फडक्यातली भाकरी खाल्ली, ठेचा खाऊन डोळे पुसले. परतताना जीपमध्ये मला म्हणाले, ‘‘माणूस फार जाणकार आहे हो. सांभाळा त्याला.’’ तक्ते गुंडाळलेलेच परत आले. घरीही सुटका नव्हती. मासा नेला की बायको विचारायची, ‘‘कडूबांनी निवडून दिलाय का?’’ नाही म्हटलं की कल्ले उचकटून दोनदा बघायची.

लोक म्हणतात हेव्याने माणूस इरेला पेटतो, जास्त मेहनत करतो. मला तर त्याने मठ्ठ केलं.

एका वर्षी परतीच्या पावसाने एकाच दिवसात तळं भरून वाहायला लागलं. तळं भरलं की जादा पाणी सांडव्यावरून जातं. मासे जाऊ नयेत म्हणून तिथं लोखंडी जाळी बसवलेली असते. ती जाळी त्या दिवशी उपटून ओढ्याला लागली. दोन दिवसांनी मी पोचलो तेव्हा सोसायटीचे लोक बांधावर जमले होते. रायभान म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी होते, तेच बोलणार होते, पण त्यांनी कडूबाला पुढे केलं.

‘‘साहेब, मासं गेलं समदं,’’ कडूबा म्हणाला. ‘‘यंदा जाळं घालू नगा. आन दुसरं बी मागवा, अजून टायम हाय.’’

‘‘कशावरून म्हणता?’’

‘‘सकाळच्याला मासा वर येऊन पलटी मारायचा, त्यो मारत नाय आता. आन बगळं बगा ना. एक तरी हाय का काठाला? समदं खालच्या वढ्याला गेलं. त्याह्यला कळलं, मासं कुढं गेलं ते.’’

सगळे हो हो म्हणाले. तिथंच माझं डोकं फिरलं. बगळ्यांच्या सांगण्यावर बी मागवायचं, तर मग आम्ही काय करायचं? ‘‘अंदाजाने सरकार चालत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मी मोजून सांगतो.’’

तळ्यातले मासे मोजतात कसे, ते सांगतो. समजा, पोत्यात हरभरे किती आहेत ते न ओतता काढायचंय. मूठभर हरभरे घ्या, त्यांना कुंकू लावा, परत पोत्यात टाका आणि पोतं चांगलं हलवा. मग दुसरी मूठ काढा. त्यात लाल हरभरे बरेच निघाले तर पोतं लहान आहे. एखादाच निघाला किंवा निघालाच नाही, तर पोतं मोठं. माशांचंही असंच. काही धरायचे, खूण करायची, सोडायचे, आठवड्याने पुन्हा जाळं घालायचं आणि खुणेचे किती आले ते बघायचं. त्यावरून तळ्यातला साठा निघतो. पद्धत चोख आहे, तिच्यात आजही मी दोष काढणार नाही.

दोन दिवस जाळं ओढून जेमतेम दोन टोपल्या मासे मिळाले. खरं तर तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी कात्री घेऊन बसलो होतो. प्रत्येक माशाचा पोटाखालचा डावा पर, पोहायचा पंखच तो, मुळातून कातरायचा आणि मासा पाण्यात सोडायचा. तिथं पर पुन्हा धड उगवत नाही आणि माशाचं फार अडतही नाही. कडूबा हात ओले करून एकेक मासा मला धरून देत होता. कोरड्या हाताने धरलं तर माशाचं कातडं दुखावतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

‘‘हे कशापायी, साहेब?’’ त्याने विचारलं.

‘‘ओळखायला,’’ मी म्हणालो.

एवढा एकच शब्द दिला मी त्याला. हरभऱ्याचा दाखला तुम्हाला दिला तो त्याला देता आला असता, दोन मिनिटांचं काम होतं. पण सांगितलं असतं तर त्यालाही ते आलं असतं. एक तरी गोष्ट अशी असावी की जी मला येते आणि कडूबाला येत नाही, अशी माझी इच्छा होती.

पुढच्या आठवड्यात सोसायटीने पुन्हा जाळं घातलं. मी रोज हजर नव्हतो, माझ्याकडे दुसरेही तलाव होते. एक दिवस थांबलो तोही काठावर. जाळ्यातले मासे सोडवायचं काम आत पाण्यात, थर्माकोलच्या तराफ्यावर चालायचं. काठावर मासे आले की रायभान किती आले आणि त्यात पर कातरलेले किती ते लिहून घ्यायचे. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. कातरलेला मासा जवळजवळ आलाच नव्हता.

म्हणजे पोतं केवढं मोठं! मी दोनदा गणित केलं. तळं माशांनी गच्च भरलेलं. सोसायटीने दुसऱ्या बीसाठी केलेल्या अर्जावर मी ‘तलावात साठा मुबलक आहे, नवीन बियाणे नको’ असा शेरा मारला आणि जाळं घालायला परवानगी दिली. तो कागद मी स्वतः बांधावर जाऊन वाचून दाखवला, मुद्दाम कडूबाकडे बघून.

तो म्हणाला, ‘‘कागद म्हनतो तर असंल.’’

हिवाळ्यात धंदा सुरू झाला आणि जाळी रिकामी यायला लागली. फुलंब्रीच्या बाजाराला टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका अर्धी टोपली घेऊन जायच्या, पुढे पुढे जायच्याच नाहीत. काही घरांतली माणसं ऊसतोडीला गेली. कागद म्हणत होता मासे आहेत, जाळं म्हणत होतं नाहीत. मला एकच उत्तर सुचलं. मासे चोरीला जातायत. आणि तळ्यावर दिवसरात्र असतं कोण? वर कडूबाचा जावई सिल्लोडच्या बाजारात मासे विकायचा. तो मोठ्या धरणावरून माल आणायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलासुद्धा. पण हेवा एकदा डोळ्यावर आला की माणसाला पाहिजे तेवढंच दिसतं.

बांधावर सोसायटीची सभा बोलावली. बायका-पुरुष सगळे होते. मी म्हणालो, ‘‘तळ्यात मासे होते. मी मोजलेत. राखणदारच चोर असेल तर जाळ्यात काय येणार?’’

कडूबा उभा राहिला.

‘‘साहेब, हे तुमी म्हनता?’’

‘‘कागद म्हणतोय.’’

त्याने करदोड्याला बांधलेली राखणीच्या खोपटाची किल्ली सोडली, रायभानसमोर ठेवली आणि बांध उतरून निघून गेला. तेव्हा मला वाईट वाटलं असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण मला बरं वाटलं. परतताना फुलंब्रीला थांबून मी भजी खाल्ली.

त्या उन्हाळ्यात तळं आटत आटत एका डबक्यावर आलं. अशा वेळी उरलेसुरले मासे काढून घ्यायचे असतात, नाहीतर पाणी तापून ते मरतात. मी गेलो तेव्हा शेवटचं जाळं ओढून झालं होतं. काठावर माशांचा लहानसा ढीग होता. आणि बाजूला बाभळीच्या सावलीत पाण्याने भरलेलं एक मोठं टिपाड. त्यात हातभर लांबीचे कटला आणि रोहू जिवंत फिरत होते. गयाबाई नावाची म्हातारी, बाजारात मासे विकणाऱ्या बायकांची पुढारी, त्यांच्यावर ओलं पोतं झाकत होती.

‘‘बरं झालं आले,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचे मासे कशात नेता, साहेब?’’

‘‘माझे?’’

‘‘मंग कोनाचे? हे काय पर कातरल्यालं. जाळ्यात आला का तिथल्या तिथं सोडायचा, असं सात-आठ म्हैने संभाळलं आमी. चार मेलं, ते बांधाला पुरलं. खाल्लं नाय बरं का एकानं बी. पोरं उपाशी व्हती तव्हा बी नाय.’’

‘‘सोडायला कुणी सांगितलं तुम्हाला?’’

‘‘कडूबानं. तुमी कातरलं त्याच दिशी. म्हन्ला, साहेबानं खून केलीय, साहेबाचा माल हाय, हात लावायचा नाय. कान कातरल्याली शेळी आपल्या कळपात आली तर आपन ठिवून घेतो व्हय?’’

त्या भागात शेळ्या-मेंढ्या पाळणारं प्रत्येक घर पिलाचा कान आपापल्या तऱ्हेने कातरतं. कुणाचा टोकाला, कुणाचा बाजूला. कळप मिसळले तर कान बघून जनावर ज्याचं त्याला परत जातं, त्यात बेइमानी करणाऱ्याला कुणी पाणी देत नाही. मी कडूबाला ‘ओळखायला’ म्हणालो होतो. त्याला जे ओळखणं माहीत होतं, तेच त्याने ओळखलं. माणसं तराफ्यावर जाळं सोडवताना लाल हरभरे वेचून परत पोत्यात टाकत होती, आणि काठावर मी पोतं केवढं मोठं म्हणून फुशारत होतो. मासे सांडव्यावरून गेले होते. कडूबाने सांगितलं होतं तसेच, सगळे. मी ज्याला चोर म्हणालो त्याने उपाशी लोकांकडून माझे मासे राखून घेतले होते.

‘‘वाटून घ्या,’’ एवढंच म्हणालो. गयाबाई घ्यायला तयार होईना, तिला दोनदा सांगावं लागलं.

पुढे मी काय केलं तेही सांगतो, म्हणजे माझी किंमत तुम्हाला कळेल. ऑफिसात जाऊन ‘गणनेत तांत्रिक त्रुटी आढळली’ अशी टिप्पणी लिहिली. पुढच्या पावसाळ्यात बी वेळेवर आणि चांगलं मिळेल याची स्वतः खटपट केली. सांडव्याला नवी जाळी बसवली. रायभानला म्हणालो, कडूबाला परत घ्या. ते म्हणाले, ‘‘आमी कवा काढलं व्हतं? तुमीच काढलं.’’ कडूबा परत आला, माझ्याशी पहिल्यासारखाच बोलला, आणि मी त्याला काहीही सांगितलं नाही. लोकांना वाटलं साहेबांचा राग निवला. मग माझी बदली झाली, मग निवृत्त झालो.

इथपर्यंत लिहून झालं आणि कागद संपादकांकडे पाठवायच्या आधी मी तो कडूबाला वाचून दाखवायचं ठरवलं. संभाजीनगरहून बसने गेलो. आता तो थकलाय, पण रोज तळ्यावर जातो. त्याच्या ओट्यावर बसून मी सगळं वाचलं, भज्यांसकट. तो मध्ये एकदाच बोलला.

‘‘हेवा? माझा? काहून, साहेब? माझ्यापाशी काय व्हतं?’’

मी पुढे वाचत गेलो. वाचून संपलं.

‘‘चांगलं लिवलं,’’ तो म्हणाला. ‘‘पन हे पुस्तक हितं वाचनार कोन? परवा नातीला बघायला पाव्हनं आल्ते. सोयरीक जमत आली, आन एकानं हळूच इचारलं, राखनदार चोर म्हनत्यात तो ह्यांच्यापैकीच का? तुमी मला तोंडानं चोर म्हनलं व्हतं, साहेब. समद्यांसमोर. कागदावर नाय. तसंच तोंडानं सांगा.’’

त्या रात्री मी त्याच्याकडेच राहिलो. सकाळी तळ्यावर मासळीची वाटणी चालू होती. तळं भरलेलं होतं, टोपल्याही. रायभान होते, गयाबाई आता नाही पण तिची सून होती, आणि त्या वेळच्या सभेतली बरीचशी माणसं होती. पाहुण्यांपैकी एकाला कडूबाने मुद्दाम बोलावून घेतलं होतं, हे मला मागाहून कळलं. मी उभा राहिलो. म्हणालो, ‘‘मी कडूबाला याच बांधावर चोर म्हणालो होतो. ते खोटं होतं. मोजताना मी चुकलो होतो, मासे गेलेत हे कडूबा खरं सांगत होते. खरं काय ते मला त्याच उन्हाळ्यात कळलं होतं आणि मी लपवलं. कडूबा, मला माफ करा.’’

कुणीतरी खाकरलं. एक बाई पदर तोंडाला लावून हसली की रडली, ते कळलं नाही. कडूबा एका तराफ्याची दोरी सोडवत होता, त्याने मान वर केली नाही.

‘‘ऐकलं ना समद्यांनी?’’ तो म्हणाला. ‘‘चला मंग, उचला जाळं. ऊन चढलं.’’

आणि सगळे एकदम उठले. टोपल्या उचलल्या गेल्या, तराफे पाण्यात ढकलले गेले, क्षणात काठ रिकामा झाला. मी तिथं कितीदा तरी ‘उठा’, ‘सोडा’, ‘चला’ म्हणालो असेन. माझ्या शब्दावर त्या काठावरचा एकही माणूस असा उठला नव्हता. माफी मागितली की मन हलकं होतं म्हणतात, माझंही झालं. पण खोटं कशाला लिहू? तिथं एकटा उभा असताना, त्या क्षणीसुद्धा, मला त्याचा हेवाच वाटला.